लेकीची खोली बांधताना

समजा, तुम्हाला काचेच्या सहा ताटल्या खोक्यात भरायच्या आहेत. तळाला कागदाचे बोळे अंथरलेत, शेजारी जुन्या वर्तमानपत्रांची चळत आहे. आता पहिली ताटली उचला. कशी ठेवाल? आडवी, एकावर एक, कपाटात असतात तशी? बहुतेक जण तसंच करतात आणि रस्त्यातल्या पहिल्याच खड्ड्यात तळाची ताटली जीव सोडते. ताटली उभी ठेवायची, कडेवर. उभी ताटली धक्का खाते आणि गप्प बसते.

हे काम एकतीस वर्षं करणाऱ्या माणसाला सगळे दोरीमास्तर म्हणतात. लोकांची घरं बांधायची, गाडीत भरायची आणि दुसऱ्या घरी उतरवून द्यायची, हा त्यांचा धंदा. त्यांनी मारलेली गाठ प्रवासभर ढिली पडत नाही आणि पोचल्यावर एका बोटाने सुटते, म्हणून हे नाव.

उन्हाळ्याचे शेवटचे दोन महिने मास्तर घरी फक्त झोपायला येत. शाळा उघडायच्या आत सगळ्यांनाच नव्या घरात जायचं असतं. ती धांदल संपली की बायको आणि लेकीला घेऊन चार दिवस समुद्रावर जायचं, हा घरचा शिरस्ता. डिकी अर्थातच मास्तर भरत. आधी लागणार ते शेवटी भरायचं, हा त्यांचा नियम. त्यामुळे लेक लहान असताना तिची वाळूची बादली कायम सगळ्यांत वर.

"आणि माझी औषधं तळाला," बायको म्हणायची.

"तू आजारी कुठे पडतेस?"

"तळ गाठेपर्यंत बरी होते, म्हणून."

एक गोष्ट मात्र मास्तरांनी कधी पाहिली नव्हती. सामान उतरवलं, सही घेतली की निघायचं. आपल्या मागे दार लागल्यावर माणसं कोणतं खोकं आधी उघडतात, ते त्यांना ठाऊक नव्हतं. कुणाला विचारलंही नव्हतं. काम झाल्यावर गिऱ्हाइकाच्या घरात डोकवायचं नसतं.

यंदा समुद्र रद्द झाला. लेकीला सहा तासांवरच्या शहरात, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. यंदाची सहल म्हणजे तिला सोडून येणं. निघायच्या आदल्या दुपारी मायलेकी बादली आणि चादरी आणायला बाहेर पडल्या. जाताना लेक म्हणाली, "बाबा, माझं सामान तेवढं बांधून ठेवाल? खोलीत काढून ठेवलंय."

पलंगावर कपड्यांच्या चार थप्प्या, पुस्तकं आणि टेबलावरचा दिवा होता. मास्तरांनी ते अर्ध्या तासात उरकलं. पण हात थांबले नाहीत. खोलीत शिरलं की दारापासून डावीकडे, एकेक भिंत संपवत जायचं, ही एकतीस वर्षांची सवय. फळी झाली, खण झाले, घड्याळ झालं, पडदे झाले, पलंगाचे पाय निघाले. शेवटी त्यांनी केर काढला आणि उंबऱ्यात उभं राहून, गिऱ्हाइकाचं काही राहिलं नाही ना, म्हणून खोलीभर नजर फिरवली. काहीच राहिलं नव्हतं. मास्तर खूश झाले.

लेक परत आली आणि नवी बादली हातात घेऊन दारातच थबकली.

"बाबा, माझे पडदे?"

"नऊ नंबर."

"शाळेतली चित्रं?"

"अकरा. सपाट ठेवलीत, एक कोपरा दुमडलेला नाही."

"आणि भिंतीतले खिळे?"

"पिशवीत घालून अकरालाच बांधलेत."

लेकीने बादली खाली ठेवली. "म्हणजे मी सुट्टीत आले तर झोपायचं कुठे?"

बायको तिच्या खांद्यावरून आत डोकावली. "अहो, ती नोकरीला निघालीय, घर सोडून नाही. बरं झालं मी बाहेर होते, नाहीतर मलाही कागदात गुंडाळून बारा नंबर टाकला असता."

लेक हसली नाही. मास्तरांनी पुन्हा खोलीकडे पाहिलं. रिकाम्या खोल्या त्यांनी हजारो पाहिल्या होत्या. त्या दुसऱ्यांच्या होत्या. पडदे काढल्यावर भिंत किती फिकी दिसते, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"हात एकदा लागले की थांबत नाहीत गं," ते म्हणाले. "तू जावंस म्हणून नाही... म्हणजे, तू परत..." ही गाठ काही त्यांना सुटेना.

लेक फरशीवर बसली आणि अकरा नंबरचं खोकं पुढ्यात ओढलं. "सोडा दोरी."

मास्तरांनी एका बोटाने गाठ सोडली. स्वतः बांधलेलं खोकं उघडताना ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. चित्रं निघाली, खिळे पुन्हा त्याच भोकांत बसले.

"हे नेतेस की ठेवू?"

"ठेवा."

"हे?"

"हे नेते. नाही, ठेवा. आई, तू हसू नकोस."

पडदे वर चढले, पलंग पायांवर उभा राहिला. संध्याकाळपर्यंत न्यायची सहा खोकी उरली. सातवं लेकीने आईच्या खोलीत, दार लावून, स्वतःच भरलं. चिकटपट्टी वाकडी, कोपरे सैल, आणि उचललं की आत काहीतरी खुडखुडायचं. मास्तरांना ते ऐकवेना.

"नुसता एक कागदाचा बोळा घालतो," ते म्हणाले.

"हात लावू नका," बायकोने बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी गाडी भरली. चादर, साबण, दिवा आणि किटली असलेल्या खोक्यावर त्यांनी निळ्या पेनाने 'आधी हे उघड' असं लिहिलं होतं. नियमाप्रमाणे ते शेवटी ठेवलं. लेक आली आणि आपलं वाकडं खोकं तिने त्याच्याही वर ठेवलं.

"नियम नियम असतो, बाबा," ती म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदा हसली.

दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या खोलीत सातही खोकी पोचली. मास्तरांनी ती भिंतीशी लावली, नळ सोडून पाहिला, दाराची कडी दोनदा घालून काढली. लेक म्हणाली, "आता मी लावते सगळं. निघा तुम्ही, अंधाराच्या आत पोचा." तिने दोघांना मिठी मारली. सवयीने मास्तर निघाले, आणि जिना उतरून गाडीत बसल्यावर त्यांना कळलं की मागे दार लागलंय.

गाडीची मागची रिकामी बाजू वळणावळणावर खडखडत होती. शहर सरलं तरी मास्तर आरशातून मागेच बघत होते, तेव्हा बायको म्हणाली, "विचारायचं असेल तर फोन करा तिला."

"काम झाल्यावर विचारायचं नसतं."

"ती गिऱ्हाईक आहे का?"

मास्तरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. खिशातून फोन काढला, तसाच हातात धरून बसले.

"काय वाटतं गं तुला," ते म्हणाले, "तिनं आधी कोणतं उघडलं असेल? माझं, की तिचं?"