चकलीची चकती

बार्शीच्या एसटी स्टँडवर आईनं माझ्या मांडीवर एक कापडी पिशवी ठेवली आणि खिडकीच्या गजांतून बजावलं, "आपटू नकोस गं. माझ्या आईचा हाय त्यो." आत तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पितळी सोऱ्या होता. अण्णांच्या पापण्यांवर गिरणीतलं पीठ तसंच होतं. ते कामावरून धावत आले होते. दुसऱ्याच्या गिरणीत दळणं दळून त्यांनी मला बी.एस्सी. केलं. घराण्यातली पहिली पदवी माझी. हायस्कूलात विज्ञान शिकवायचं ठरलं होतं, पण लग्न ठरलं आणि १९७८ साली मी कतारला निघाले. गावाचं नाव दुखान आहे कळल्यावर आई म्हणाली होती, "असलं कसलं गं नाव? ऐकूनच दुखतंय."

दुखानला तेल कंपनीची वसाहत होती. एका साच्याची घरं, समोर वाळू, लांबवर जळत असलेली गॅसची ज्योत. हे शिफ्टला गेले की नऊ वाजेपर्यंत माझं सगळं आवरून व्हायचं. उंबऱ्यातली वाळू झाडायची, खिडकीशी उभं राहायचं, पुन्हा वाळू झाडायची. घड्याळ पाहून वाटायचं, शाळेत आता दुसरा तास सुरू झाला असेल. कुणी मला डांबून ठेवलं नव्हतं. गॅस, फ्रीज, चोवीस तास पाणी, आईनं कधी न पाहिलेलं सगळं होतं. तरी एका खुर्चीत पाच मिनिटं बसवत नसे.

शेजारी हेल्गा नावाची जर्मन बाई राहायची. तिचा नवरा ड्रिलिंगवर होता. तिचं इंग्रजी पुस्तकी, माझंही पुस्तकीच, त्यामुळे आमचं छान जमायचं. पहिल्या दिवाळीला ती फराळाला आली आणि ओट्यावरचा सोऱ्या पाहून चकली खाता खाता थांबली. दोन्ही हातांनी तो उचलून म्हणाली, "हा माझ्या आईचा!"

तिच्या आईकडे थेट असंच यंत्र होतं, श्पेट्झले करायचं. अंडी, मैदा आणि मीठ फेटून केलेलं सैल पीठ त्यातून उकळत्या पाण्यात पाडायचं. इथे हेल्गा ते पाटावरून सुरीनं खरवडून पाडायची आणि दर वेळी म्हणायची, आईसारखे होत नाहीत. तिनं सोऱ्या एका दिवसासाठी मागितला.

आमच्या घरी अंडं उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. शेजारच्यांच्या टरफलाचा तुकडा अंगणात आला तरी आई तिथे शेणाचा सडा घालायची. मी "उद्या सांगते" म्हणाले. पण हेल्गाही माझ्यासारखीच दिवसभर खिडकीशी उभी असायची, हे मी रोज पाहत होते. दुसऱ्या दिवशी जाड शेवेची चकती घालून सोऱ्या दिला. चकलीची, चांदणीच्या भोकाची चकती मात्र काढून डब्यात ठेवली. जणू अंडं तेवढ्यानं तिथेच थांबणार होतं.

पीठ पाण्यात पडलं, बुडालं आणि शिजून वर आलं. हेल्गानं झाऱ्यानं काढून ते लोण्यात कांद्याबरोबर परतलं. पहिल्या घासाला ती रडली. मीही आयुष्यातलं पहिलं अंडं खाल्लं. श्पेट्झले म्हणजे लहान चिमण्या, असं तिनं सांगितलं. पोळ्या झाल्या की आई उरलेल्या कणकेची चिमणी करून माझ्या हातावर ठेवायची, ते आठवलं.

मग आमच्याकडेही चिमण्या होऊ लागल्या. केतकी झाली, ती त्यांवरच वाढली. तिच्या शाळेसाठी आम्ही दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागात राहायला आलो. हेल्गा जर्मनीला परतली, पण शुक्रवारच्या सुट्टीतल्या चिमण्या राहिल्या.

१९८४ साली माझ्या भावाचं, रमेशचं लग्न ठरलं. आईला लिहिता येत नाही, तिची पत्रं तोच लिहितो. "आई म्हणते, सोऱ्या घेऊन ये. नव्या सोऱ्यातून चकली तुटते."

मी सोऱ्या तीनदा उकळला, चिंचेनं घासला. सांगितलं नाही तर सगळं लग्नघर त्यातून खाणार. सांगितलं तर आई पुन्हा माझ्या हातचं खाईल का? ठरत नव्हतं. विमानातही ठरलं नाही.

परसात बायका बसल्या होत्या. आईनं भाजणी भरली, दांडा फिरवणार इतक्यात केतकी ओरडली, "आज्जी, नो! यातून एग-चिमण्या येतात!"

"काय म्हणती पोर?" काकूंनी विचारलं.

पोरगी इंग्रजीत काहीतरी बडबडते, असं म्हणायची सोय होती. मी म्हणाले, "आई, यातून अंड्याचं पीठ काढलंय. शेजारच्या बाईच्या आईकडे असाच होता, तिला दिला आणि मग मीही. सहा वर्षं. फक्त शेवेच्या चकतीतून. चांदणीला लागू दिलं नाही."

आईनं भाजणी काढून टाकली. "वन्सं, तुमचा सोऱ्या द्या," आत्याला एवढंच म्हणाली. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. लग्नानंतर भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "त्या बाईची आई जिती हाय का?"

"नाही. बाई तिकडे यायच्या आधीच गेली."

"मग काय करंल ती तरी," आई म्हणाली आणि पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली.

निघताना स्टँडवर तीच पिशवी पुन्हा माझ्या मांडीवर आली. "ह्यो आता तिकडचा झाला. तिकडंच असू दे."

ते वाक्य मी दोह्यापर्यंत उलटंपालटं करत आले. तिनं सोऱ्या दिला होता की घराबाहेर काढला होता? आणि बोलली ती सोऱ्याबद्दलच ना?

घरी पिशवी उघडली. शेवेच्या सगळ्या चकत्या होत्या. चांदणी नव्हती. मी पत्र टाकलं. उत्तर रमेशच्या अक्षरात, पण आईच्या बोलीत आलं: "चांदणी मी ठिवून घेतलीया. चकली खायाला हितं यायचं."

मागच्या दिवाळीला चकलीची चकती नाही हे कळल्यावर यांच्या वर्कशॉपमधला साताऱ्याचा फिटर म्हणाला, "वहिनी, पितळेची चकती लेथवर कापून देतो की. अर्ध्या तासात खलास!" मी नको म्हटलं. त्याला वाटलं, संकोच करते.

केतकी विचारते, आपण चकली का करत नाही? मी म्हणते, "चकली घरी होते."

"बट धिस इज होम," ती म्हणते.

मी सोऱ्या पुसून ठेवते आणि उंबऱ्यातली वाळू झाडायला जाते.