तुपासोबत घ्यायची गोळी

कोरमंगलात मुलींचं पीजी चालवलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. जेवणाच्या टेबलावर ते पोळ्यांसारखे एकावर एक चढत जातात. मी शाळेत चौथीपर्यंत. पुढचं सगळं ऐकून आणि भांडून शिकले. मुली मला अक्का म्हणतात आणि घाबरतात. घाबरावंच!

*

मुग्धा नागपूरची, नोकरी महादेवपुऱ्यात, गालभर पिंपल्स. औषध सुरू करायला गेली तेव्हा सोबत मी. स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "प्रेग्नंट नाहीस ना?"

मी उसळले. "अहो, लग्न व्हायचंय तिचं!"

"अम्मा, ह्या गोळीनं पोटातल्या बाळाला अपाय होतो. मी सगळ्या बायकांना विचारते."

"मग मलाही विचारा!"

"तुम्ही घेणार आहात का गोळी?"

 

*

पिंपल्सच्या भीतीनं आमच्याकडे कुणी तुपाला शिवत नसे. ही गोळी मात्र तूप-तेलाच्या जेवणासोबत घ्यायची, नाहीतर अंगी लागत नाही. मुग्धा वाटी घेऊन आली. "वाढा अक्का, डॉक्टरच म्हणते बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या टेबलानं वाट्या पुढे केल्या.

"तुम्हालाही गोळी?"

"नाही अक्का, आम्हाला नुसतं तूप!"

*

चेहरा उजळत गेला आणि पोरगी विझत गेली. जेवायला बोलवावं लागे. बेळगावची शिल्पा, तिची रूममेट, म्हणाली, "अक्का, ती स्वल्प डल आहे, ब्रेकअप असेल." ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, बर्नआउट. शेजारीण मिरच्या ओवाळायला आली. प्रत्येकीकडे निदान तयार, मुग्धाला विचारलेलं कुणीच नाही!

मी विचारलं. म्हणाली, "काहीच वाटत नाही, अक्का. प्रमोशन झालं, तेव्हाही नाही."

*

तिची आई व्हिडिओ कॉलवर. "किती गोड दिसतेस! गोळी सोडू नको हं, मुलाकडचे बघायला येताहेत."

मी फोन ओढून घेतला. "ताई, त्यांना चेहरा दाखवायचाय की मुलगी?"

 पलीकडून हळूच, "अक्का, काय झालंय तिला?"

*

त्याच दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"चेहरा मस्त! मूड कसा आहे?"

"ठीक."

"ठीक काय ठीक! मला सांगितलंस ते सांग," मी म्हटलं. तेव्हा रडत रडत तिनं सगळं सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "असं सगळ्यांना होत नाही. गोळीमुळेच झालं, असंही छातीठोक सांगता येत नाही. पण आजपासून गोळी बंद, आणि मनाच्या डॉक्टरांना आजच भेटायचं. मी फोन करते."

मुग्धानं पर्स छातीशी धरली. "बंद केली आणि पिंपल्स परत आले तर? तसलं तोंड घेऊन मी कुठं जाऊ?"

मी चष्मा काढला आणि बाईंच्या दिव्याखाली माझं तोंड नेलं. लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर अजून खड्डेच खड्डे. "बघ नीट! हे तोंड घेऊन मी लग्न केलं, नवऱ्याशी भांडले, परक्या गावात घर उभं केलं. माझं कुठं अडलं?"

डॉक्टरीणबाई सवयीनं खुर्ची ओढून जवळ आल्या, माझा गाल चाचपला. "अम्मा, ह्यावर लेझर आहे."

"आधी तुमचं लेझर माझ्यापुढं टिकतं का बघा!"

मुग्धा हसली. गोळीनं सुकलेला ओठ चरकन फाटला, रक्त आलं, तरी हसतच राहिली.