माझ्या बेकारीची चौकशी

मी बेकार आहे हे सिद्ध करायला मला जेवढी मेहनत पडली, तेवढी नोकरीत कधीच पडली नव्हती.

तामलवाडीजवळच्या एका सूतगिरणीत मी सहा वर्षं स्टोअर सांभाळत होतो. गिरणी बंद पडली. पंधरा दिवसांत दूध पावडरच्या एका नव्या कारखान्यात माझी निवडही झाली, पण तिथली यंत्रंच अजून यायची होती. रुजू व्हायचं ते अडीच महिन्यांनी. तोवर काय खायचं? गिरणीतल्या एका जुन्या माणसानं सांगितलं, "अरं, पगारातून विमा कापत होते न्हवं? नोकरी गेली की त्यातून भत्ता मिळतो. अर्ज कर." मी केला. गिरणीत फोन उचलायलाही कुणी उरलं नव्हतं, म्हणून विमा ऑफिसातनं निरोप आला, "गुरुवारी आमचे शेखसाहेब घरी येऊन चौकशी करतील."

माझी बेकारी घरात एकाच माणसाला मान्य नव्हती. ते म्हणजे अब्बा, एसटीतनं रिटायर झालेले ड्रायव्हर. माझी धाकटी बहीण शबाना हिची सोयरीक सास्तूरच्या एका घरी जवळजवळ ठरली होती. मुलाचे मामू तेवढे चौकशीला यायचे राहिले होते. आणि मामूंनी दिवस निवडला तोच गुरुवार.

"भाऊ घरी बसलाय असं कळलं तर सोयरीक मोडंल," अब्बा म्हणाले. "मामूंच्या पुढं तू नोकरीला हाईस. बस."

"आन भत्त्याचा माणूस आला की?" माझी बायको नसरीननं विचारलं.

"त्याच्या पुढं बेकार."

मी पडलो स्टोअरवाला. दोन प्रकारचा माल एका रॅकवर ठेवायचा नाही, एवढं मला कळतं. मी योजना आखली. मामूंना अब्बांनी पुढच्या ओसरीवर बसवायचं. साहेबांना मी स्टँडवरनं आणून मागच्या दारानं स्वयंपाकघरात न्यायचं, तिथं नसरीननं खरी परिस्थिती सांगायची. (योजना इतकी पक्की होती की मी तिचा नकाशाही काढला होता.)

गुरुवारी अकराला एसटी आली. बगलेत फाईल धरलेले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उतरले. मी पुढं झालो.

"शेखसाहेब?"

"व्हय."

"चौकशीलाच आलात न्हवं?"

"व्हय. तुम्ही सलीम का?"

आमच्या जिल्ह्यात भर बाजारात शेख म्हणून हाक मारली तर अर्धा बाजार वळून बघतो, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. मी त्यांना मागच्या बोळानं घरी नेलं आणि वाटेत काळीज मोकळं केलं. गिरणीला टाळं लागलं, कमाई बंद, घर नसरीनच्या शिलाईवर चाललंय. ते नुसतं "अस्सं" म्हणायचे आणि माझ्याकडं बघायचे. मला वाटलं, साहेब दयाळू आहेत.

नसरीननं तर कमालच केली. मामूंसाठी तुपातला शिरा केला होता, तो तिनं ह्या साहेबांची चाहूल लागताच ओसरीकडं पाठवून दिला आणि ह्यांच्या पुढं कोरा चहा ठेवला. "दूध सकाळीच संपलं, साहेब," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. (कांदा चिरत होती, पण ते सांगायची गरज नव्हती.)

तिकडं ओसरीवर मोटारसायकलवरनं दुसरे एक गृहस्थ आले होते. तेही शेख. तेही चौकशीला आलेले. अब्बांनी त्यांना लोडाला टेकवून शिरा दिला आणि सुरू झाले.

"पोरगा म्यानेजर हाय. कालच रुजू झाला. हाताखाली चाळीस माणसं."

त्या गृहस्थांचा घास हातातच थांबला. "कालच? मग त्यांनी अर्ज कशाला केला?"

"अर्ज त्यानं केलाच न्हाय. कंपनीच घरी आली बोलवायला."

एवढ्यात पडद्याआडनं शबानानं माझी बाही ओढली. तिनं मामूंचा फोटो मोबाईलवर बघितला होता.

"भाईजान," ती कुजबुजली, "कोरा चहा मामू पितायत."

मी ओसरीकडं धावलो. पोचलो तेव्हा अब्बा पुरावा म्हणून माझं नेमणुकीचं पत्र त्या गृहस्थांच्या हातात देत होते. ते पत्र त्यांनी लॅमिनेशन करून आणलं होतं.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "चाचा, ह्यात रुजू व्हायची तारीख पुढच्या महिन्याची आहे. आन पद स्टोअरकीपरचं."

"मग?"

"मग आज हे बेकार आहेत."

अब्बांना कळलं आपण कुणाशी बोलतोय ते. तरी माघार नाही. "बेकार न्हाय, साहेब. थांबलेला हाय."

"आमच्या फॉर्मात थांबलेला असा रकाना नाही. हे पत्र दाखवलंत ते बरं झालं, नाहीतर तुमच्या बोलण्यावर मी अर्ज नामंजूर करून निघालो असतो. आता एवढं लिहून द्या, माझा मुलगा सध्या बेकार आहे."

अब्बांनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून बसले. कारण दारात मामू उभे होते, हातात कोऱ्या चहाची कपबशी घेऊन. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी शबानाकडं बघायचं टाळलं. माझ्या नकाशानं तिचं लग्न मोडलं होतं.

अब्बांनी मामूंकडं बघितलं, मग कागदाकडं. "तीस वर्षं गाडी चालवली, कुणाला ठोकलं न्हाय," ते हळूच म्हणाले, "आज थापा ठोकल्या. माफ करा." आणि त्यांनी सही केली.

मामू खाली बसले. त्यांनी पोराच्या बायोडेटाची फाईल उघडली, मिटली.

"भाईसाब, आमचा पोरगाबी दोन महिने झाले घरीच हाय. वर्कशॉप बंद पडलं. दुसरीकडनं बोलावणं आलंय, पण पुढच्या महिन्यात. हे तुम्हाला सांगावं कसं, म्हणून मी तुळजापुरात उतरून माघारी निघालो हुतो, मग मन घट्ट करून पुढची एसटी धरली. इथं आलो तर तुमच्या पोरानं स्टँडवरच सगळं खरं सांगून टाकलं. आता मला लाज कसली?"

मग त्यांनी शबानाला बोलावलं आणि विचारलं, "बेटी, तुला चालंल का?"

शबाना म्हणाली, "मामू, पोरगा फोनवर ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी बोलला."

म्हणजे घरात सगळ्यात आधी खरं तिलाच ठाऊक होतं. अब्बा इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. मामू साहेबांकडं सरकले. "ते भत्त्याचं आमच्या पोराला बी जमंल का हो?" साहेबांनी उरलेला शिरा संपवला आणि बॅगेतनं आणखी एक कोरा फॉर्म काढला.

माझा भत्ता मंजूर झाला. मामूंच्या भाच्याचाही झाला. लग्न थाटात झालं आणि लग्नात अब्बांनी प्रत्येक पाहुण्याला सांगितलं की दोन्ही पोरं सरकारी कागदावर पक्की बेकार आहेत, तपासून घ्या.

पुढं कारखाना सुरू झाला. पहिल्या दिवशी मी रुबाबात गेलो, रुजू होण्याचा फॉर्म झरझर भरला आणि तिथल्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडं बघितलं आणि परत दिला. हाताच्या सवयीनं मी पदाच्या रकान्यात 'बेरोजगार' लिहून खाली सही केली होती.

"सलीमभाई," साहेब म्हणाले, "ही जागा आमच्याकडं सध्या रिकामी नाही."