रिळात उरलेला एक फोटो

कमल गेली तेव्हा मी दवाखान्याबाहेर चहा पीत होतो. तिचा धाकटा भाऊ आला, म्हणाला, "दाजी, अक्का गयी." मी चहा संपवला. का, ते अजून सांगता येत नाही... घरी आल्यावर सगळे हार घालायला तिचा फोटो शोधू लागले. ट्रंका उपसल्या, गाद्यांखाली पाहिलं. बत्तीस वर्षं संसार केला आणि बायकोचा एक फोटो नाही. दोष माझा. मी चौथी नापास माणूस, लिहायची सवय नाही, पण हे लिहिलंच पाहिजे.

वीस-बावीस वर्षांमागची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याला आमची केळी. तिच्यात बिबट्या शिरला. बाया तण निंदायला येईनात. आमच्याकडे शेतात त्याचं नाव घेत नाहीत, घेतलं की येतो म्हणतात. नुसतं 'जनावर' म्हणायचं. कमलनं जंगलखात्याच्या कचेरीत जाऊन तसंच सांगितलं, "केळीमां जनावर शे." तिथला बाबू बाहेरगावचा. त्याच्याकडे जनावर म्हणजे साप. दुसऱ्या दिवशी साप धरणारा पोतं घेऊन हजर! चिखलातला पंजा बघितला आणि म्हणाला, "मावशी, हे माझ्या पोत्यात मावणार नाही." सायकलवर टांग टाकून गेला. मी हसलो, कमल हसली नाही. बाबू म्हणे, बिबट्या असेल तर पुरावा आणा.

त्याच आठवड्यात तिचा भाऊ दीपनगरहून येऊन गेला होता. जाताना कॅमेरा ठेवून गेला. "अक्का, रिळमां एकच फोटो शे. दाजी तुना काढतीन." दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवं पातळ नेसली. केळीच्या घडाशेजारी उभं राहायचं तिच्या मनात होतं. कॅमेरा तिच्याच हातात, जपून धरलेला. वाटेत म्हणाली, "तुम्हले बटन दाबता येई ना?" मी म्हटलं, "मोटार चालू करस, हाई काय मोठं शे?" विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीशी पोचलो आणि बघतो तर समोर हौदावर तो, वाकून पाणी पीत होता. वीसेक पावलांवर.

मी खोलीत शिरलो आणि कडी लावली.

मी आत, ती बाहेर. पत्र्याच्या दारामागून एक खटका ऐकू आला. मी कडीवरचा हात काढला नाही. मग तिचा आवाज, "उघडा. गया तो."

त्या फोटोवर पिंजरा आला, बिबट्या धरला, बाया कामाला आल्या. गावात तिला विचारत, तुझा नवरा कुठे होता तेव्हा? ती सांगायची, "मना मांगेच उभा व्हतात." खोटं नव्हतं ते, मधे दार होतं एवढंच. घरात मात्र मी कडी लावायला उठलो की म्हणायची, "पक्की लावा हो, तुम्हले सवय शे." आयुष्यभर तेवढंच बोलली. दुसरं रीळ मी कधी आणलं नाही. फोटोत काय ठेवलंय, म्हणायचो.

शेवटी भिंतीवर तोच फोटो लावला. लोक बिबट्याला हार घातलेला बघून चमकतात. त्यांना मी खालची बाजू दाखवतो. सकाळचं ऊन तिच्या पाठीशी होतं. हौदापर्यंत लांब सावली पडली आहे, डोक्यावर पदर, दोन्ही कोपर वर. कोपर जराही हललेले नाहीत.

घराची कडी मी आता लावत नाही.