बॅरलखालची प्लेट

नानांची मोटरसायकल वेशीत आली की चकलांब्यातल्या म्हशी दावं तोडायला बघायच्या. माझे वडील जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. म्हणजे कागदावर ड्रेसर, गावाच्या लेखी डॉक्टर. गाडी जुनी, इंग्रजी बनावटीची, साडेतीनशे सीसीची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. तिची ठकठक ऐकली की जनावरांना कळायचं, सुई आली. नानांना याचा कोण अभिमान! "माणसं इसरतील, म्हशी न्हाई इसरायच्या," म्हणायचे.

निवृत्तीनंतरही गाय-म्हैस अडली की बोलावणं त्यांनाच यायचं. पण तीन वर्षांपूर्वी गाडीचं इंजिन जाम झालं आणि नाना कुणाच्या तरी मागे बसून जायला लागले. नेणारा आपल्या सवडीनं नेई, आपल्या सवडीनं आणी. वासरू उभं राहायच्या आतच "चला नाना" सुरू. वासरू उभं राहून आचळाला लागल्याशिवाय गोठा सोडायची नानांना सवय नव्हती. मग ते बोलावणीच टाळायला लागले. "आता होत न्हाई," म्हणायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. मला ते बघवेना.

मी बीडला आयटीआयमध्ये लेथ शिकवते. मोडकी वस्तू मला तशीच ठेवता येत नाही. आईच्या मते हा गुण नाही, आजार आहे. इंजिन उतरवलं, पोत्यात गुंडाळलं आणि गाडीच्या सांगाड्यासकट टेम्पोतून बीडला नेलं. पिस्टन ज्या नळकांड्यात खालीवर होतो त्या बॅरलला तो घट्ट चिकटलेला होता, खालची बुश पार झिजलेली. चार महिन्यांचे सगळे रविवार मी त्या इंजिनावर घातले. दुरुस्ती झाल्यावर थांबायला हवं होतं. पण मी थांबेन ती कसली! बुशच्या जागी रोलर बेअरिंग घातलं, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, मोठा कार्बोरेटर लावला आणि जास्त दाबाचा पिस्टन टाकला. गेवराई रोडला गाडी पळवून बघितली तेव्हा एकामागून एक ट्रक मागे पडले आणि मी एकटीच हेल्मेटमध्ये ओरडले. खरं सांगायचं तर तो आनंद माझा होता, नानांचा त्यात काही नव्हता. पण हे तेव्हा कुठं कळतंय.

गाडी घरी आणली त्या दिवशी नानांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. अडलेल्या जनावरासाठी लागणाऱ्या दोऱ्यांची पिशवी खुंटीवरून काढून त्यांनी हँडलला अडकवली, टांग टाकली आणि किक मारली. किक खाली जाईना. सगळं वजन टाकलं तेव्हा ती अर्ध्यावरून उलटी आली आणि नडगीवर बसली. त्याच नडगीवर, जी एका बैलानं लाथ मारून मोडली होती.

अशा वेळी गप्प बसावं की नाही? मी म्हणाले, "नाना, आधी डी-कॉम्पचा खटका दाबून दाब सोडा, ॲमीटरचा काटा मधे येऊ द्या, मग मारा." चाळीस वर्षं ज्यानं ती गाडी चालवली त्याला! नानांनी आणखी तीनदा प्रयत्न केला. मग हँडलची पिशवी काढून परत खुंटीला लावली.

"लई भारी झाली गाडी," ते म्हणाले. "आता तूच चालीव."

बीडला परतल्यावर आठवडाभर माझा जळफळाट चालला होता. आधी त्यांच्यावर, मग स्वतःवर. इंजिनच्या एकेका भागाचं माप मी घेतलं होतं. ज्या पायानं ते सुरू व्हायचं त्याचा विचारच केला नव्हता.

उपाय सोपा होता. बॅरलच्या खाली तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट घालायची. बॅरल तेवढं वर उचललं जातं, पिस्टनचा दाब कमी होतो आणि किक हलकी पडते. ताकदही कमी होते. प्लेट घासताना स्वतःच्या कामावर स्वतःच पाणी फिरवतेय असं वाटून मी दोनदा कानस आपटली. पुढच्या शनिवारी घरी जाऊन ती बसवली आणि नानांना सांगितलं, "ऑइल गळत होतं, ते बंद केलं. एकदा मारून बघा."

"उद्या बघू," ते म्हणाले. त्या स्वरावरून मला वाटलं, संपलं.

सकाळी फोन आला. वस्तीवरची म्हैस पहाटेपासून कळा देत होती. मी सोडते म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. नानांनी पिशवी घेतली, अंगणात गेले. पहिली किक फुकट. दुसरी फुकट. तिसरीला इंजिननं धरलं. ती ठकठक ऐकून मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दुपारी परतले तेव्हा कोपरापर्यंत हात माखून वाळलेले. "रेडी झाली. उभी ऱ्हायली, दूध प्याली, मंगच निघालो. आन् म्हैस, आडलेली हाय तरी गाडीचा आवाज आला तशी दाव्याला हिसडे! आधीची दोन्ही वेतं माझ्याच हातची हायत ना तिची."

हात धुऊन ते गाडीशेजारी उकिडवे बसले. न बघता वासराचे पाय शोधणारी त्यांची बोटं बॅरलच्या खालून फिरली आणि थांबली.

"ही पट्टी नवी हाय. कावून घातलीस?"

"ऑइल गळत..."

"नीट सांग."

"दाब कमी केला. तुमच्या पायासाठी."

त्यांनी पट्टीच्या कडेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "आन् आधी वाढवला तवा कावून न्हाई इचारलंस?"

"चुकलं, नाना."

"हं," म्हणाले आणि उठले. "बीडची गाडी गेवराईतून धरायची ना तुला? बस मागं."

मी मागे बसले. चढाला इंजिन दमत होतं, गिअर बदलायला नाना आपल्या चवीनं वेळ घेत होते, आणि मागून आलेला एकेक ट्रक आम्हाला ओलांडून पुढे जात होता. गेवराई येईपर्यंत मी एका शब्दानं काही सुचवलं नाही, आणि माझ्यासारखीला ते अजिबात सोपं नव्हतं.