माया न ठेवता

बहिणीचा फोन आला तेव्हा मी पांढऱ्या ब्लाउजांच्या ढिगात बसले होते. भीमजयंती तीन आठवड्यांवर आलेली. राहात्यातल्या आमच्या महिला मंडळाने सगळ्यांनी सारख्या साड्या नेसायचं ठरवलं होतं, पांढरी साडी, निळा काठ, आणि ब्लाउज शिवणार कोण तर मी. पस्तीस ब्लाउज, आणि प्रत्येकीला आपलाच आधी पाहिजे. मशीन थांबवून फोन कानाला लावला तर धाकटी म्हणते, "आक्का, डॉक्टर लई मागं लागलाय. तुज्यासारखं ऑपरेशन करून घ्या म्हनतो. शुक्रवारी येते मी. तुला डोळ्यानं बघते, मग काय ते ठरवते."

"ये की," मी म्हणाले. फोन ठेवला आणि उठून वजनकाट्यावर उभी राहिले.

धाकटी खर्ड्याला दिलेली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण वजन शंभराच्या पुढे, गुडघे गेलेले, आणि साखर तर अशी की गेल्या वर्षी डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. जखम भरायला चार महिने गेले. आता डॉक्टर म्हणत होता, वजन उतरलं तर साखर ताब्यात येईल, नाहीतर आज बोट गेलं, उद्या पाऊल जाईल. हे तिला पटत होतं. पोटाला कात्री लावून घ्यायची की नाही, एवढंच ठरत नव्हतं. आणि ते ती माझ्याकडे बघून ठरवणार होती.

माझ्याकडे बघून! अगं बाई, मीच तीन वर्षं आरशाकडे धड बघितलं नव्हतं.

माझं ऑपरेशन होऊन आठ वर्षं झाली. नगरला केलं. तेव्हा मी एकशे अठरा किलोंची होते, साखरही लागली होती, मशीनसमोर बसले की स्टूल दिसायचं नाही. डॉक्टरांनी जठराची वाटीएवढी पिशवी ठेवली आणि आतडं पुढे जोडलं. दीड वर्षात मी अडुसष्टवर आले. पन्नास किलो गेले! केसही मुठीमुठीने गेले, पण ते परत आले. ओळखीच्या बायका रस्त्यात थांबून विचारायच्या, "काय करतेस गं?" मी मान ताठ करून सांगायचे, "मन घट्ट पाहिजे." काय तो तोरा! मन कसलं घट्ट, पोटच घट्ट होतं. दोन घास जास्त गेले की उलटी व्हायची. गोड खाल्लं की दरदरून घाम, छातीत धडधड, अर्धा तास आडवं पडायचं. पेढ्याचा बॉक्स बघितला तरी मी चार हात लांब सरकायचे, आणि लोकांना वाटायचं, काय बाईचा निग्रह आहे.

आमच्या शिवणकामात एक शब्द आहे, माया. ब्लाउज शिवताना शिलाईच्या आत थोडं जादा कापड ठेवतात, ती माया. पुढेमागे अंग भरलं तर उसवून तेवढं सैल करता येतं. गिऱ्हाईक कितीही बारीक असो, "माया ठेवा बरं का" असं बजावल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. आणि मी काय केलं? अडुसष्टवर आले त्या आठवड्यात माझे सगळे ब्लाउज काढले, अंगाबरोबर आवळून घेतले आणि आतली माया कात्रीने उडवली. एका बैठकीत बावीस ब्लाउज. आमचे हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "अगं, थोडी तरी ठेव." मी म्हणाले, "कशाला? मी काय परत फुगणार आहे?" पिशवीभर चिंध्या निघाल्या, त्या मोठ्या दिमाखात बाहेर टाकल्या. उभा जन्म शिवणात गेला, पण एवढी अक्कल नव्हती.

ऑपरेशनपासून पाच वर्षं चांगली गेली. मग एका बारशाला कुणीतरी आग्रहाने माझ्या तोंडात पेढा कोंबला. मी तशीच घरी आले आणि आडवी पडले, घामाची वाट बघत. घाम आलाच नाही. धडधडलं नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी अजून एक खाऊन बघितला, म्हटलं खात्री करावी. तरी काही झालं नाही. खरं सांगते, आधी आनंद झाला. आणि मागोमाग भीती वाटली, इतकी वर्षं ज्या दाराच्या भरवशावर निवांत झोपलो त्याला कडीच नाही हे कळल्यावर वाटावी तशी.

ताटात मी अजूनही कमीच वाढून घेते. अर्धी भाकरी, वाटीभर वरण. लग्नात बायका एकमेकींना कोपर मारून दाखवतात, "बघ, केवढंसं जेवते." पण वजन ताटातनं वाढलंच नाही, ते मशीनवर वाढलं. एक हात कापडावर, एक हात डब्यात. शेव, खारी, शेंगदाण्याचा लाडू, आणि गिऱ्हाईक आलं की चहा. भूक नसते हो, नुसतं तोंड चाळवत राहायचं. तेलकट बोटांनी पांढऱ्या कापडाला डाग पडतात, म्हणून जयंतीच्या दिवसांत मी शेव चमच्याने खात होते! असली मी घट्ट मनाची.

अडुसष्टचे सत्तर झाले, सत्तरचे चौऱ्याहत्तर, मग एकोणऐंशी. नगरच्या डॉक्टरांकडे दर वर्षी जायचं असतं, रक्त तपासायचं, गोळ्या बदलून घ्यायच्या. सत्तर ओलांडले तेव्हापासून मी गेलेच नाही. काय तोंड दाखवणार? आधी दोन किलो उतरवू, मग जाऊ, असं म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. इकडे ब्लाउज बसेनात. माया असती तर उसवले असते. मग मी काखेखाली जोड द्यायला लागले. दोन बोटं रुंद पट्टी, जुळत्या रंगाची. हात खाली असला की दिसत नाही. असे नऊ ब्लाउज केले, दार लावून, आणि ह्यांनासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

फोन आला त्या दिवसापासून शुक्रवारपर्यंत मला चैन पडेना. दिवसातून चार वेळा वजन करायचे. बांगड्या काढून, मंगळसूत्र काढून. पुढच्या खोलीत एकोणऐंशी, ओट्यापाशी साडेअठ्ठ्याहत्तर, तर काटा ओट्यापाशीच ठेवला. दोन दिवस नुसत्या ताकावर काढले, तिसऱ्या दिवशी चक्कर आली आणि मंडळाच्या अध्यक्षीणबाईंची डावी बाही उजवीकडे लावून बसले. उसवली, परत लावली. उठ, बस, दारात जा, परत ये. हे वैतागले. "घडीभर बूड टेकव की! बहीणच येतीय, साहेब येत नाही तपासणीला."

ह्यांना काय सांगू? खरं बोलले तर ती घाबरून ऑपरेशन करणार नाही, मग तिच्या पायाचं काय? खोटं बोलले तर करेल, आणि पाच वर्षांनी माझ्यासारखीच एकटी दार लावून बसेल. हो-नाही करत गुरुवारी ठरवलं, खोटंच सांगायचं. तिच्या भल्यासाठी. माझ्या अब्रूसाठीही, पण ते मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

शुक्रवारी दुपारी आली, नगरला गाडी बदलून, पाय ओढत. दारातच "जयभीम दाजी" म्हणून ह्यांच्या हातात पिशवी दिली आणि मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मी मुद्दाम सैल कुडता घातला होता.

"हाय तशीच हायस गं!" ती म्हणाली.

मी हसले आणि चहा ठेवायला आत पळाले. आधण ठेवून बाहेर बघते तर बाई अंगणात दोरीपाशी उभी. वाळलेले कपडे काढून घड्या घालत होती. तिला हात रिकामे ठेवता येतच नाहीत, लहानपणापासून. तिच्या हातात माझा हिरवा ब्लाउज होता, उलटा केलेला, काखेपाशी धरलेला. तिला शिवण मीच शिकवलंय. लग्नाआधी दोन वर्षं माझ्या शेजारी बसून तिने हुकं लावलीत.

"आक्का, ह्यो जोड कशाला दिलाय?"

"कापड कमी पडलं होतं."

"ब्लाउज इटलाय आन् पट्टी कोरी हाय. कापड आत्ता कमी पडलं व्हय?"

माझं डोकंच सटकलं. "तुला काय करायचंय गं? आल्या आल्या माझ्या कपड्यांची झडती घेतेस? ठेव तो खाली!" आवाज ऐकून हे बाहेर आले, आमच्या दोघींची तोंडं बघितली आणि गपगुमान परत गेले. तिकडे चहा उतू गेला.

तिने ब्लाउजची नीट घडी घातली, आत येऊन दिवाणावर बसली आणि मोजा काढून पाय चोळायला लागली. मी गॅस पुसला. कप विसळले. कात्री जागेवर ठेवली, परत उचलली. मग ती कात्री हातात धरूनच बोलायला लागले ते थांबलेच नाही. एकोणऐंशी. पेढ्याचं सांगितलं, शेवेचं, चमच्याचं, नगरला न गेल्याचं. रडायला आलं, तर रडून घेतलं.

"अकरा किलो परत आले गं माझे. तुझ्यापुढे मिरवत होते नुसती. पण तू माझ्याकडे बघून मागे फिरू नकोस. माझी साखर गेली ती गेलीच, अजून परत आली नाही. गुडघे चालतात. एकशे अठराची मी आज असते का? ऑपरेशन खोटं नाही. फक्त सोपं नाही ते. आठ वर्षं झाली तरी रोजचं आहे, रोज सकाळी पहिल्यापासून."

मला वाटलं होतं ती घाबरेल, नाहीतर चिडेल तरी. तिने नुसता पाय चोळायचा थांबवला.

"चमच्यानं शेव?" तिने विचारलं.

"हो."

ती फस्सकन हसली. मीही हसले, नाक पुसत. आणि मग हसता हसता तिचं तोंड एकदम उतरलं.

"मला डॉक्टरनी पैल्यांदा कवा सांगितलं म्हाईतीय का तुला? तीन वर्सं झाली. मीच न्हाई म्हनत ऱ्हायले. म्हटलं, आक्काचं मन दगडाचं हाय, तिला जमलं. मी तर पोरांच्या डब्यातलं चोरून खाते. मी एवढं पोट कापून घेनार, आन् परत वजन वाढवून बसनार. मग आक्काला काय तोंड दाखवू? म्हनून थांबले."

तीन वर्षं. आणि बोट काढलं ते गेल्या वर्षी. तिने मोजा अजून घातला नव्हता. मला तिच्या पायाकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघता येईना. बाहेर कुणीतरी ब्लाउज झाला का म्हणून हाका मारत होतं.

"अगं, मग एकदा विचारायचं तरी मला!" मी ओरडलेच. कुणावर ओरडत होते कुणास ठाऊक. "फोन होता ना हातात? आक्का, तुझं खरं काय चाललंय, वाढलंय का परत, एवढं विचारता येत नव्हतं तुला?"

"इचारलं की," ती म्हणाली. "दर फोनला इचारलं. तू म्हनायचीस, हाय तशीच हाय."