घोडीच्या खोकल्याचं निदान

घोडा खोकला की माणसांना आधी ग्लँडर्सची भीती वाटते. तो रोग निघाला तर जनावराला इंजेक्शन देऊन संपवावं लागतं. त्यामुळे मुकुंदवाडीच्या एका मामांनी नाव न घेताच विचारलं, "सायेब, ते तर नाय ना?" मामांकडे वरातीची एकच पांढरी घोडी होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी जनावरांचा डॉक्टर. रक्त तपासणीला पाठवलं आणि रुबाबात सांगितलं, "रिपोर्ट येईपर्यंत हिला शेडमध्ये वेगळी ठेवा. वारं लागू देऊ नका."

रिपोर्ट स्वच्छ आला. मामांनी गल्लीत पेढे वाटले, पहिला घोडीला. खोकला मात्र वाढला होता. श्वास सोडताना तिचं पोट आत ओढलं जायचं. मी अँटिबायोटिकचा एक कोर्स दिला, मग दुसरा. औषध बदललं की आपण काहीतरी करतोय असं वाटतं. तेवढाच त्याचा उपयोग झाला.

शेवटी तिला दवाखान्यात आणवून फुप्फुस धुऊन बघायचं ठरवलं. गुंगीचं इंजेक्शन देऊन नाकातून लांब नळी घातली, सलाईन आत सोडलं आणि परत ओढून घेतलं. मामा तिचं डोकं धरून उभे होते आणि तिच्या वाटचं स्वतःच खोकत होते. ते पाणी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पांढऱ्या पेशींची गर्दी होती, जंतूंचा पत्ता नव्हता. म्हणजे सूज होती, पण संसर्गाची नव्हती. माणसाला धुळीनं, धुरानं दमा लागतो तसलाच प्रकार. धूळ शोधायला मी मामांच्या घरी गेलो.

फार शोधावं लागलं नाही. शेडच्या खिडक्यांना गोणपाट ठोकलेले, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. आत छतापर्यंत कडबा रचलेला आणि घमेल्यात कडुलिंबाच्या पाल्याची धुरी चालू. मलाच ठसका लागला.

"तुमी म्हणल्यापासून झुळूक लागू दिली नाय," मामा म्हणाले. "लग्नाच्या तिथी गेल्या, पर दवाखाना सोडून हिला भायेर काढली नाय. एक दिवस बी नाय."

मला लाज वाटली. इतकी, की बोलायच्या आधी मी गोणपाटच उपटायला लागलो. मग सांगितलं, "मामा, चूक माझी आहे. हिला उघड्यावर बांधा. चारा भिजवून घाला. धुरी बंद."

मामा घोडीच्या मानेवरून हात फिरवायला लागले.

"धुरी तर माझीच व्हती, सायेब," ते म्हणाले. "ती लई तोंड फिरवायची. मीच धरून ठिवायचो."